पेपरात माऊस नाही

किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. ते पडवीत येऊन पडणाऱ्या नारळांसारखे असतात. आज एक, परवा दोन, आणि एक दिवस बघावं तर पाय ठेवायला जागा नाही. मग शेजाऱ्यापाजाऱ्यांना वाटत सुटावं लागतं. माझी पडवी सध्या भरली आहे, तेव्हा बसा जरा.

मी गणिताची. मालवण-कणकवली रस्त्यावरच्या एका कॉलेजात वीसेक वर्षं शिकवते. कॉम्प्युटर सायन्सच्या शेवटच्या वर्षाला कॉम्प्युटर ग्राफिक्स नावाचा पेपर आहे. नाव ऐकून पोरं खूश होतात, त्यांना वाटतं आता गेम बनवायला शिकवणार. मग मी वर्गात येते आणि फळ्यावर मॅट्रिक्स लिहिते. चौकटीत बसवलेले आकडे, आडव्या रांगा, उभ्या रांगा, त्यांचे गुणाकार. पोरांचे चेहरे उतरतात. स्क्रीनवरचं चित्र हलतं, फिरतं, तिरकं होतं ते याच आकड्यांच्या जिवावर, असं मी वीस वर्षं सांगत आले. फळ्यावर सांगत आले, म्हणजे चित्र काही कधी हललं नाही.

मी सांगते त्या वर्षी वर्गात अकरा जण होते. दहा नेहमीचे, आणि अकरावा महादेव. काजू आणि भात पिकवणाऱ्या आतल्या गावचा मुलगा. बाकी सगळे पेपर त्याचे सुटले होते, हा एकच दोनदा राहिला होता. विद्यापीठाच्या नियमाप्रमाणे त्याची मुदत संपत आलेली. या वेळी राहिला असता तर एका पेपरापायी अख्खी डिग्री गेली असती. कुडाळला एका ऑफिसात नोकरी बोलून ठेवली होती, डिग्रीचा कागद दाखवला की सुरू. तो मागच्या बाकावर बसायचा आणि मी त्याच्याकडे बघायचं टाळायची, कारण दोन्ही वेळा त्याला मीच शिकवलं होतं.

* * *

सुरुवात झाली ती तन्वीमुळे. तन्वी शिरोड्याची, माझी जुनी विद्यार्थिनी, आता पुण्यात नोकरीला. चतुर्थीला गावी आली की गूळ-आल्यात घोळलेलं कुरकुरीत खाजं घेऊन मला भेटायला येते. त्या वर्षीही आली. मी तिला स्टाफरूममध्ये नेऊन सगळ्यांना ऐकवलं की ही बघा, माझ्या पेपरात हिला सगळ्यात जास्त मार्क होते.

तन्वी लाजली. मग अगदी मनापासून म्हणाली, "मॅडम, तुमी शिकवलेला सगळा माका पुण्याक गेल्यार समाजला."

स्टाफरूममध्ये बराच वेळ कुणी खाजंसुद्धा चावलं नाही.

तिने लॅपटॉप उघडला. डावीकडे मॅट्रिक्सची चौकट, उजवीकडे एक साधं घराचं चित्र. फुकट मिळणारं सॉफ्टवेअर होतं. चौकटीतला आकडा माऊसने ओढायचा, की उजवीकडचं घर त्या क्षणी बदलतं. मी भीत भीत वरच्या कोपऱ्यातला एक आकडा ओढला आणि घर शेजाऱ्याच्या अंगावर कललं. परत ओढला, सरळ झालं. तो आकडा मी वीस वर्षं फळ्यावर लिहीत होते. त्याने घर कलतं हे मला माहीत होतं, पाठ होतं, पेपरात विचारून झालं होतं. पण मी ते कलताना कधी पाहिलं नव्हतं. मला लाज वाटली, आणि लाज ओसरायच्या आधीच इतका आनंद झाला की मी तन्वीसमोर ते घर दहा-बारा वेळा कलवलं.

सुट्टीचे तीन दिवस घालवून तिने आमच्या लॅबमधल्या सगळ्या मशीनवर ते बसवून दिलं. जाताना माझ्यासाठी सूचनांची एक चिठ्ठी ठेवली. पहिलीच सूचना होती : माऊस पोरांच्या हातात द्यायचा, मॅडमनी घ्यायचा नाही. बाकीच्या सूचना मी पाळल्या. ही पाळायला मला दोन महिने लागले, तोवर मधेच कुणाच्या तरी हातातून मी माऊस ओढून घ्यायचीच.

* * *

पहिल्याच तासाला आमची होडी हरवली.

घराऐवजी पोरांनी होडी काढली होती. विषय होता, आकृती फिरवणे. मी सांगितलं की होडी आहे तिथेच नव्वद अंशांत फिरवा. सगळ्यांनी आकडे भरले आणि सगळ्यांच्या होड्या स्क्रीनवरून गायब झाल्या. अकरा मशीन, एक होडी नाही. मागून कुणीतरी म्हणालं, वादळाचा इशारा आहे मॅडम.

कारण मला माहीत होतं. मॅट्रिक्स आकृतीला फिरवते ती शून्य बिंदूभोवती, ओरिजिनभोवती. आकृती त्या बिंदूपासून लांब असली की फिरता फिरता भलतीकडेच जाऊन पडते. हे मी दरवर्षी सांगायची आणि पोरं माना डोलवायची. या वेळी मी तोंड उघडलं, पण त्या आधी सानिका बोलली. सानिका कुणकेश्वरची, तिच्या वडलांचं देवळाच्या वाटेवर फुलं-नारळाचं दुकान आहे. ती हळूहळू अंशांचा आकडा ओढत होती आणि होडी कमानीसारख्या वाटेने सरकताना बघत होती.

"मॅडम, ही जाग्यार फिरणा नाय. ही प्रदक्षिणा घालता."

बस्स. पुढचं पोरांनी आपसातच ठरवलं. शून्य बिंदू म्हणजे देऊळ. होडी लांब असली तर देवळाभोवती फिरणार. जागच्या जागी फिरवायची तर आधी उचलून देवळात आणायची, तिथे फिरवायची, आणि मग जिथली होती तिथे नेऊन सोडायची. तीन मॅट्रिक्सचा गुणाकार, जो पाठ करताना आजवर निम्मा वर्ग क्रम चुकायचा, तो त्या दिवसानंतर एकही जण चुकला नाही. देवळात आणल्याशिवाय फिरवायचं नाही आणि फिरवल्यावर घरी पोचवायचं, यात चुकण्यासारखं आहे काय?

एकच अडचण झाली. मशीनसमोर बसवून घेतलेल्या अंतर्गत परीक्षेत अकरापैकी नऊ जणांनी उत्तराची सुरुवात केली ती अशी : फर्स्ट ब्रिंग द ऑब्जेक्ट टू टेम्पल. मी प्रत्येकाचा अर्धा मार्क कापला. रात्रभर विचार केला आणि सकाळी प्रत्येकाला परत दिला.

* * *

आमचे शिपाई गोविंदकाका. लॅब उघडणं आणि बंद करणं त्यांच्याकडे. दिवसातून चार वेळा ते दारात येऊन उभे राहायचे, पोरं स्क्रीनवर काय करतात ते बघायचे, आणि न बोलता जायचे.

एकदा पोरं घर बांधत होती. या वेळी सगळ्या बाजूंनी बघता येईल असं खरंखुरं घर. भिंती झाल्या, दारं झाली, पण छप्पर काही दिसेना. गंमत अशी असते की हे सॉफ्टवेअर प्रत्येक पृष्ठभागाची एकच बाजू रंगवतं, दर्शनी. दर्शनी बाजू कोणती हे ठरतं तुम्ही त्याचे कोपरे कुठल्या क्रमाने दिले त्यावरून. क्रम उलटा दिला की पृष्ठभाग तुमच्याकडे पाठ करून बसतो आणि दिसेनासा होतो. छपराचे कोपरे उलटे दिले गेले होते.

काकांना राहवलं नाही. ते आत आले आणि म्हणाले, घराक छप्पर खंय?

संकेत नावाचा एक हुशार मुलगा होता. त्याने माऊस फिरवून काकांना सरळ घराच्या आत नेलं आणि वर बघायला लावलं. आतून छप्पर दिसत होतं, कारण त्याची दर्शनी बाजू आत आली होती. संकेत ऐटीत म्हणाला, छप्पर आसा काका, पण आतसून आसा.

काकांनी विचार केला. "आनि पावस खंयसून पडता?"

संकेतने मुकाट्याने कोपऱ्यांचा क्रम बदलला. पुढे आठवडाभर काका रोज सकाळी लॅबचं कुलूप काढताना विचारायचे, घर शाकारलास मां? मी विद्यापीठाच्या रिफ्रेशर कोर्सला अनेक तज्ज्ञांना ऐकलं आहे, पण पृष्ठभागाची दिशा का तपासायची याचं इतकं आटोपशीर कारण कुणी दिलं नव्हतं.

* * *

त्याच संकेतचे वडील एके दिवशी कॉलेजात आले. होड्या बांधणारे सुतार. हात असे की चहाचा कप त्यांच्या मुठीत दिसेनासा झाला. तक्रार घेऊन आले होते. मुलगा घरी सांगतो की कॉलेजात दिवसभर माऊसने रेघा ओढतो. मग हा अभ्यास कधी करतो?

मी म्हटलं, तुम्हीच बघा. त्यांना लॅबमध्ये नेलं. त्या दिवशी वक्ररेषा चालू होत्या. चार बिंदू द्यायचे आणि त्यांच्यावरून सॉफ्टवेअर एक गुळगुळीत वळण काढतं. बिंदू ओढला की वळणही ओढलं जातं. विमानापासून छापील अक्षरापर्यंत सगळी वळणं अशी निघतात, असं मी त्यांना मोठ्या रुबाबात सांगितलं.

ते जरा वेळ बघत राहिले. मग म्हणाले की आपण पण हेच करतो. होडीच्या बाजूचं वळण काढताना लाकडाची बारीक लवचीक पट्टी घ्यायची, जमिनीवर खिळे ठोकायचे, आणि पट्टी खिळ्यांना टेकवून वाकवायची. संकेतने खुर्ची दिली. त्यांनी कधी माऊस धरला नव्हता, पण पाच मिनिटांत स्क्रीनवर होडीची बाजू उभी राहिली. आमच्यातल्या कुणाचीच इतकी देखणी आली नव्हती.

मी विजयी मुद्रेने त्यांच्याकडे बघितलं. ते मात्र स्क्रीनच्या अगदी जवळ जाऊन काहीतरी शोधत होते.

"मॅडम, ह्या मदल्या दोन खिळ्यांक तुमची पट्टी लागणाच नाय. असली होडी बुडतली."

खरं होतं. त्या प्रकारची वक्ररेषा पहिल्या आणि शेवटच्या बिंदूतून जाते, मधले दोन तिला नुसते आपल्याकडे खेचतात. सगळ्या बिंदूंतून जाणारी रेषा हा पुढचा धडा होता आणि खरं सांगायचं तर तो मी दरवर्षी वेळ नाही म्हणून गाळायची. आता गाळायची सोय राहिली नाही. संकेतच्या वडलांनी जाताना बजावलं होतं की रेघ खिळ्याला लागली की कळवा, मी येऊन बघेन. तो धडा मी त्या वर्षी आयुष्यात पहिल्यांदा नीट शिकले, आणि म्हणून नीट शिकवला. रेघ खिळ्याला लागली तेव्हा ते खरोखर येऊन बघून गेले.

* * *

हा पुढचा किस्सा हसण्याचा नाही, पण तो सांगितल्याशिवाय शेवटचा सांगता येणार नाही.

जानेवारीपर्यंत महादेव वर्गातला सगळ्यात तरबेज झाला होता. मागच्या बाकावरून तो पहिल्या मशीनवर आला. कुठलीही आकृती, कुठल्याही बिंदूभोवती, कितीही अंशांत सांगा. तो दोन-तीनदा आकडे ओढायचा आणि अचूक आणून ठेवायचा. बाकीचे त्याला विचारायला यायचे. मी घरी नवऱ्याला सांगत सुटले की बघ, पोरगा सुटला.

एक दिवस वीज गेली. खांब पडला होता, संध्याकाळपर्यंत येणार नव्हती. तास फुकट नको म्हणून मी पोरांना व्हरांड्यात बसवलं आणि मागच्या वर्षीचा एक प्रश्न वहीत सोडवायला दिला. अर्ध्या तासाने वह्या गोळा केल्या. महादेवची वही कोरी होती. वर तारीख होती, मॅट्रिक्सची एक रिकामी चौकट होती, आणि आत काही नाही.

मी त्याला बाजूला घेतलं. तो खाली बघून बोलला.

"मॅडम, माका दिसता तोपर्यंत येता. दिसायचा बंद झाला की काय सुदीक येणा नाय."

मी प्राचार्यांना सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, आणि म्हणाले, "मॅडम, पेपरात माऊस नाही."

मला त्यांचा राग आला, कारण ते बरोबर होते. मी महादेवला पोहायला शिकवलं होतं, पण टायर कधी काढूनच घेतला नव्हता. मग तन्वीला फोन केला. ती हसली नाही, ओरडलीपण नाही. ती म्हणाली, मॅडम, सॉफ्टवेअर आधी नको, नंतर दाखवा. आधी पोरांना बोलू द्या की कोपरा कुठे जाईल. मग बघू द्या.

दुसऱ्या दिवसापासून नियम केला. मशीन चालू, पण फक्त मॉनिटर बंद. काळ्या स्क्रीनसमोर बसायचं, आकडे वहीत लिहायचे, आणि आकृतीचा प्रत्येक कोपरा कुठे जाऊन बसेल ते तोंडाने सांगायचं. मगच मॉनिटरचं बटण दाबायचं आणि तेच आकडे भरून बघायचे. पहिल्या दिवशी अकराच्या अकरा चुकले. महादेवचा त्रिकोण त्याने सांगितलेल्या जागेपासून इतका लांब निघाला की तो उठून तोंड धुऊन आला. पण येऊन परत बसला. रोज यायचा, सगळ्यात आधी यायचा आणि काळ्या स्क्रीनकडे बघत बसायचा. गोविंदकाकांना वाटलं मशीन बिघडलं. त्यांनी दोनदा वायर हलवून बघितली.

मार्च उजाडेपर्यंत त्याचे दहापैकी सहा कोपरे बरोबर यायला लागले. सहावर पास होता येतं, पण त्याने भागेल असं मला अजिबात वाटत नव्हतं.

* * *

प्रॅक्टिकल परीक्षेला बाहेरून परीक्षक आल्या, घाटावरच्या एक मॅडम. वेळेवर आल्या, पण लॅबचं दार बंद. बाहेर गोविंदकाका हात जोडून उभे, समोर अकरा पोरं हात जोडून उभी, आणि दाराच्या उंबऱ्यावर नारळ. काका गाऱ्हाणं घालत होते. आमच्याकडे कुठलंही काम काढायचं तर देवाला आधी गाऱ्हाणं. एकाने मागणं मागायचं, बाकीच्यांनी प्रत्येक मागण्याला होकार द्यायचा.

"बा देवा म्हाराजा, आज ही पोरां परीक्षेक बसतत, त्येंका यश दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आडवी रांग उभ्या रांगेक गुणताना खंय कोणाची चूकभूल झाली, तर ती पदरात घे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आनि फिरवूच्या आदी वस्तू देवळात हाडूची बुद्दी सगळ्यांक दी रे म्हाराजा!"

या होकारात एक आवाज वेगळा ऐकू आला. घाटावरच्या मॅडमनी पर्स काखेत धरून हात जोडले होते आणि शुद्ध पुणेरीत म्हणाल्या होत्या, होय महाराजा.

मी भिंतीला टेकून उभी होते आणि माझे डोळे भरून आले. वर्षभर दारात उभं राहून त्या माणसाने सगळा अभ्यासक्रम ऐकला होता. प्रॅक्टिकल या वेळी त्याच सॉफ्टवेअरवर होतं, त्यामुळे पोरं छान सुटली. महादेवला तर पैकीच्या पैकी मिळाले. परीक्षक मॅडम मला म्हणाल्या की हा तुमचा टॉपर दिसतो. मी त्यांच्यापुढे चहाचा कप सरकवला.

* * *

मग लेखी पेपर.

ज्याचा विषय असतो त्या शिक्षकाने त्या दिवशी परीक्षेच्या हॉलमध्ये पाऊल टाकायचं नाही, असा नियम आहे. मी जिन्याच्या वळणावरच्या खिडकीपाशी उभी राहिले. तिथून हॉलची मधली रांग दिसते आणि महादेवचा नंबर मधल्या रांगेतच होता. सुपरवायझर बाहेरचे, खारेपाटणहून आलेले एक सर. कडक माणूस. बोलायचे कमी आणि फिरायचे जास्त.

पहिला तासभर महादेव लिहीत होता. मग थांबला. पेन खाली ठेवलं, डोळे मिटले. त्याची कोरी वही मी एकदा पाहिली होती.

तेवढ्यात त्याचा उजवा हात बाकावर हलला. मूठ अर्धवट मिटलेली, बाकाला टेकलेली. मूठ हळूच उजवीकडे सरकली, थांबली, वर गेली, परत खाली आली. डोळे मिटलेलेच, मान बाकासमोरच्या मोकळ्या जमिनीकडे. मी खिडकीचा गज घट्ट धरला. मला कळलं, तो नसलेला माऊस ओढतोय. पण मला कळून काय उपयोग, हॉलमध्ये मी नव्हते. हॉलमध्ये ते सर होते आणि त्यांनीही मूठ बघितली होती.

मुठीखाली काहीतरी लपवलंय, याशिवाय दुसरं काय वाटणार कुणाला? सर तीन ढांगांत त्याच्या बाकासमोर येऊन उभे राहिले. उत्तरपत्रिका उचलून हातात घेतली. त्याला उभं केलं. मूठ उघडायला लावली, आत काही नाही. बाही बघितली. बाक वाकून बघितला, पॅड उलटं केलं. सगळा हॉल लिहायचं थांबून बघत होता. कॉपीची केस झाली असती तर ती परीक्षा रद्द, आणि महादेवला पुढची परीक्षा नव्हतीच. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं की अहो सर, तो मुलगा अभ्यास करतोय. पण विषयाची शिक्षिका मधे पडली की केस पक्कीच, म्हणून मी जिन्यातच राहिले.

सरांनी काहीतरी विचारलं. महादेवने काहीतरी सांगितलं. लांबलचक नव्हतं, एखादं वाक्य असेल. सरांनी बाकाकडे बघितलं. मग स्वतःच्या पायांकडे बघितलं. परत महादेवकडे बघितलं.

उत्तरपत्रिका त्यांनी बाकावर ठेवली, आणि दोन पावलं मागे सरकले.

महादेव बसला. डोळे मिटले, मूठ सरकली, थांबली. मग डोळे उघडून तो जो लिहायला लागला तो घंटेपर्यंत मान वर न करता लिहीत राहिला. सर त्याच्या बाकापासून तेवढंच अंतर ठेवून त्या रांगेतून फिरत राहिले. घंटा झाली तेव्हा त्यांनी घड्याळ बघितलं आणि त्याची झडतीत गेलेली मिनिटं त्याला मोजून परत दिली. बाहेर आल्यावर महादेव माझ्याकडे न बघता एसटी पकडायला गेला. मीही त्याला हाक मारली नाही, कारण कसा गेला पेपर हे विचारायची माझीच छाती झाली नाही.

निकाल लागला. महादेव पास झाला. ओढूनताणून नाही, चांगला पास झाला. त्याची आई आतल्या गावाहून दोन गाड्या बदलून काजूंची पिशवी घेऊन आली आणि माझा हात हातात धरून स्टाफरूममध्ये नुसती बसून राहिली. मी तिला म्हटलं, माझे कसले आभार मानता, तन्वीचे माना, संकेतच्या वडलांचे माना, गोविंदकाकांचे माना. ती मान डोलवत राहिली आणि हात काही सोडला नाही.

ती गेल्यावर मला आठवलं की अजून एकाचे आभार मानायचे राहिले. नंबर मिळवून मी खारेपाटणच्या सरांना फोन केला. ते म्हणाले, आभार कसले, हाताखाली काही सापडलं नाही, केस करणार कशी? मी म्हटलं, ते खरं, पण सर, एकच विचारते. झडती घेऊन झाल्यावर तो तुम्हाला काय म्हणाला होता?

सर म्हणाले,

"काय सांगू मॅडम तुम्हाला. मी विचारलं, हाताखाली काय आहे? तर म्हणाला, 'कायच नाय, सर. पण तुमी माझ्या त्रिकोणार उभे आसात.'"